नॉरफोकच्या खेड्याचा युद्धकाळ शोधायचा कसा

नॉरफोक ही इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरची सपाट, शेतीची काउंटी. इथल्या जवळपास प्रत्येक गावात चर्चच्या फाटकाशी किंवा रस्त्याच्या तिठ्यावर एक दगडी क्रूस असतो आणि त्यावर दोन महायुद्धांत गेलेल्यांची नावं असतात. गावाचा युद्धकाळ शोधायला निघालेला माणूस ही नावं टिपून घेतो आणि थेट रेजिमेंटच्या इतिहासाकडे धावतो. महिन्याभरात त्याच्याजवळ लढायांची माहिती ढीगभर जमते, पण गाव मात्र हातून निसटलेलं असतं.

मी उलट्या टोकाने जायला सांगेन. शेतीवर जगणाऱ्या काउंटीत युद्ध हा आधी माणूसबळाचा प्रश्न होता. कोण गेलं, कोणाला शेतासाठी ठेवून घेतलं, गेलेल्याचा नांगर कोणी धरला, त्याच्या घरात कोण येऊन राहिलं. या प्रश्नांची उत्तरं लष्कराच्या कागदांत थोडी आणि शाळेच्या, शेतीच्या, पॅरिशच्या (म्हणजे एका चर्चखालच्या गावाच्या) कागदांत जास्त मिळतात. म्हणून खालचा क्रम गावातून सुरू होतो, रणांगणावर जातो आणि परत गावात येतो. उदाहरणं नॉरफोकची आहेत, पण सफोक, लिंकनशर, डॉर्सेट कुठेही हीच पद्धत चालेल.

आधी एक पॅरिश ठरवा

एकच गाव घ्या, तीनशे-चारशे वस्तीचं असेल तर उत्तम. मोठ्या बाजारगावात आडनावांच्या गर्दीत हरवून जाल. गावाची पॅरिश कुठली, ती त्या काळी कुठल्या रूरल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे गावांच्या प्रशासकीय गटात, होती, जवळचं रेल्वे स्टेशन कुठलं, एवढं पहिल्या दिवशीच वहीत लिहा. ट्रायब्युनलचे (सक्तीच्या भरतीतून सूट द्यायची का ते ठरवणाऱ्या स्थानिक मंडळाचे) निकाल, शेतीच्या नोंदी, वर्तमानपत्रातल्या बातम्या सगळं या नावांखाली लावलेलं असतं.

मग त्या काळातली केलीची डिरेक्टरी, म्हणजे गावोगावच्या रहिवाशांची आणि व्यावसायिकांची छापील यादी, उघडा. १९३७ची नॉरफोकची आवृत्ती आणि पहिल्या युद्धाच्या आसपासची एखादी, अशा दोन बघा. लेस्टर विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात जुन्या डिरेक्टऱ्या फुकट वाचता येतात. गावात जमीनदार कोण, शेतकरी किती, लोहार, चाकं बनवणारा, पब चालवणारा कोण, हे अर्ध्या पानात मिळतं. शेतमजुरांची नावं त्यात नसतात, आणि क्रूसावरची बहुतेक नावं नेमकी मजुरांच्या घरातली. त्यांच्यासाठी १९११ आणि १९२१ची जनगणना. १९२१ची गणती १९ जूनला झाली होती आणि ती २०२२मध्ये लोकांसाठी खुली झाली. मधल्या दहा वर्षांत कुठल्या घरातून कोणतं नाव गळलं, हे दोन याद्या शेजारी ठेवल्या की दिसतं.

क्रूस नीट वाचा

सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरं उठून दिसतात. चारही बाजूंचे फोटो घ्या, पायथ्याचाही, कारण दुसऱ्या महायुद्धातली नावं बऱ्याचदा तिथेच मागाहून कोरलेली असतात. दगडावर खडू घासणं, ब्रशने शेवाळ काढणं, पाणी ओतून पुसणं, यातलं काहीही करू नका. दगड कायमचा खराब होतो आणि गावकऱ्यांशी तुमचं नातंही.

मग चर्चच्या आत जा. आत बऱ्याचदा लाकडी फळा किंवा फ्रेममधली यादी असते, आणि तिच्यात मेलेल्यांबरोबर परत आलेल्यांचीही नावं असू शकतात. संशोधनाच्या दृष्टीने ती यादी बाहेरच्या क्रूसाहून मोलाची. नॉरफोकच्या मजूरवर्गात मेथडिस्ट पंथ जोरात होता, त्यामुळे गावात जुनं चॅपल असेल तर तिथली पाटीही पाहा. चॅपल बंद पडून त्याचं राहतं घर झालं असेल, तर पाटी कुठे हलवली ते इंपीरियल वॉर म्युझियमच्या वॉर मेमोरियल्स रजिस्टरमध्ये शोधा.

क्रूस ही सरकारी यादी नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. कोणाचं नाव घ्यायचं ते गावाच्या समितीने ठरवलं. घर दुसऱ्या गावी गेलं, आईने नकार दिला, मुलगा युद्धानंतर दोन वर्षांनी जखमांनी मेला, अशा कारणांनी नावं राहून गेली. उलट एकच माणूस दोन गावांच्या क्रूसावरही सापडतो.

नावाचा माणूस करा

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर आडनाव आणि वर्ष टाकून शोध घ्या. तिथे नंबर, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि दफनाची जागा मिळते. कधीकधी आईवडिलांचं नाव आणि गावही, आणि गाव जुळलं की निम्मं काम झालं. नसेल तर पहिल्या युद्धासाठी ‘सोल्जर्स डाइड’ ही यादी पाहा. त्यात जन्मगाव आणि भरतीचं गाव दिलेलं असतं. नॉरफोकच्या खेड्यांत आडनावं मोजकीच असतात, चुलतभावांची पहिली नावंही सारखी. म्हणून जन्मगाव किंवा आईवडील जुळल्याशिवाय कोणावरही शिक्कामोर्तब करू नका.

पहिल्या युद्धातल्या शिपायांचे सर्व्हिस रेकॉर्ड मिळतीलच असं नाही. सप्टेंबर १९४०मध्ये लंडनच्या आर्नसाइड स्ट्रीटवरच्या गोदामावर बॉम्ब पडला आणि सुमारे ६० टक्के कागद जळाले. उरलेले लंडनच्या किऊ भागातल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ ३६३ या मालिकेत आहेत आणि पैसे भरून वंशावळीच्या संकेतस्थळांवर दिसतात. स्कॅनमध्ये कडा काळ्या पडलेल्या, पाण्याने शाई फुटलेली. तुमच्या माणसाचा कागद नसेल तर मेडल इंडेक्स कार्ड (पदकांच्या नोंदीचं कार्ड) बघा, ते जवळपास सगळ्यांचं आहे. कार्डावर पलटणींची नावं क्रमाने असतात, म्हणजे बदली कळते, आणि परदेशी रणभूमीवर कधी उतरला त्याची तारीख असेल तर तो १९१५ संपायच्या आत गेला होता. तारखेची जागा कोरी असेल तर बहुधा १९१६ किंवा नंतरचा, आणि मग तो सक्तीच्या भरतीतला असण्याची शक्यता बरीच वाढते.

पेन्शनची कार्डंही शोधा. विधवेचं नाव, मुलांच्या जन्मतारखा, घराचा पत्ता त्यांवर असतो. कैदी झालेल्यांसाठी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे पहिल्या युद्धाचे रजिस्टर ऑनलाइन आणि मोफत आहेत.

दुसऱ्या युद्धाची गोष्ट वेगळी. ते रेकॉर्ड जळलेले नाहीत. संरक्षण मंत्रालयाकडून ते २०२२पासून टप्प्याटप्प्याने नॅशनल आर्काइव्हजकडे येत आहेत. जन्माला ११५ वर्षं झालेल्या माणसांचे खुले आहेत, बाकीच्यांसाठी अर्ज आणि मृत्यूचा दाखला लागतो. उत्तर यायला वेळ लागतो, तेव्हा हा अर्ज सगळ्यात आधी टाका आणि बाकीचं काम सुरू ठेवा.

नॉरफोक रेजिमेंट, आणि आपल्याकडचं बेळगाव

गावातला प्रत्येक जण काउंटीच्या रेजिमेंटमध्येच असेल असं धरून चालू नका. १९१६नंतर भरती झालेल्यांना जिथे जागा रिकामी तिथे पाठवत. घोड्यांची जोडी हाकणारा नॉरफोकचा गडी तोफखान्यात, ट्रान्सपोर्टमध्ये किंवा लेबर कोअरमध्ये (मजुरीची कामं करणाऱ्या लष्करी दलात) सापडतो, आणि १९१७-१८मध्ये त्याच लेबर कोअरच्या शेतकी कंपन्यांतून गणवेशातले शिपाई नांगरायला गावोगाव पाठवलेले दिसतात.

तरी रेजिमेंटच्या चार-पाच घटना पाठ असाव्यात, कारण मृत्यूची तारीख बघताच धागा लागतो.

१२ ऑगस्ट १९१५ ही तारीख आणि गॅलिपोली असेल, तर पाचव्या बटालियनची सुव्ला इथली चढाई. राजाच्या सँडरिंगहॅम इस्टेटीवरचे नोकर, माळी, गडी या बटालियनमध्ये होते आणि त्यांचा कप्तान फ्रँक बेक हा इस्टेटीचाच कारभारी. ही तुकडी ढगात शिरली आणि नाहीशी झाली, ही कहाणी तुम्हाला हमखास ऐकवली जाईल. ऐकून घ्या, लिहू नका. १९१९मध्ये त्याच भागात त्यांचे मृतदेह सापडले होते.

२७ मे १९४० असेल, तर फ्रान्समधलं ल पारादी. दुसऱ्या बटालियनचे शरण आलेले ९७ जण नाझींच्या एसएस दलाच्या तुकडीने भिंतीशी उभे करून मारले. दोघे वाचले, आणि त्यांच्या साक्षीवरून त्या तुकडीच्या अधिकाऱ्याला १९४९मध्ये फाशी झाली.

तारीख १९४३ची आणि दफनभूमी कांचनाबुरी, चुंगकाई किंवा थानब्युझायात असेल, तर बर्मा रेल्वे, जी जपान्यांनी युद्धकैद्यांकडून बांधून घेतली. चौथी, पाचवी, सहावी अशा तीन बटालियन १५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापुरात कैद झाल्या. नॉरफोकच्या कित्येक गावांना दुसरं महायुद्ध म्हणजे नॉर्मंडी वगैरे नाही, हीच साडेतीन वर्षं. जपान्यांनी ठेवलेली कैद्यांची कार्डं किऊला डब्ल्यूओ ३४५मध्ये आहेत आणि सुटकेनंतर भरून घेतलेल्या प्रश्नावल्या डब्ल्यूओ ३४४मध्ये. या बटालियन ज्या अठराव्या डिव्हिजनमध्ये होत्या, तिचा मोठा भाग सिंगापूरला जाण्याआधी डिसेंबर १९४१मध्ये मुंबईला उतरून काही आठवडे अहमदनगरला राहिला होता. त्यामुळे चौथ्या बटालियनमधल्या कोणाच्या पत्रात नगरचा उल्लेख आला तर दचकू नका.

पण मराठी वाचकासाठी खरा धागा पहिल्या युद्धातला आहे. ऑगस्ट १९१४मध्ये दुसरी नॉरफोक बटालियन बेळगावला होती. सहाव्या पुणे डिव्हिजनच्या बेळगाव ब्रिगेडमध्ये तिच्याबरोबर ११०वी मराठा लाइट इन्फंट्री होती. नोव्हेंबर १९१४मध्ये दोघी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) उतरल्या, एप्रिल १९१५मध्ये शैबाला लढल्या, तुर्कांनी कूतला घातलेल्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ला शरणागतीनंतर कैदेत गेल्या. डॉर्सेटची दुसरी बटालियन पुण्याहून गेली होती, ११७व्या मराठांसोबत. कूतबाहेर उरलेल्या आणि नव्याने आलेल्या नॉरफोक-डॉर्सेट शिपायांची मिळून एक तात्पुरती बटालियन केली होती, तिला ‘नॉरसेट्स’ म्हणत. तेव्हा नॉरफोकच्या क्रूसावरच्या नावापुढे १९१६च्या उत्तरार्धातली तारीख आणि बगदाद नॉर्थ गेट दफनभूमी दिसली, तर हा माणूस बहुधा कूतचा कैदी, आणि त्याचे शेजारचे सैनिक सातारा-रत्नागिरीकडचे. बटालियनच्या वॉर डायऱ्या डब्ल्यूओ ९५मध्ये आहेत. नॉरफोकची आणि ११०व्या मराठांची, दोन्ही शेजारी ठेवून वाचा. एकाच दिवसाबद्दल एक डायरी दोन ओळी लिहिते आणि दुसरी पानभर.

इथे एक फरक डोळ्यांत खुपतो. नॉरफोकच्या तीनशे वस्तीच्या गावात जवळपास प्रत्येक मेलेल्याचं नाव दगडावर आहे. आपल्याकडच्या गावांत बसवलेल्या संगमरवरी पाट्यांवर ‘या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले’ एवढाच आकडा. बसराच्या स्मारकावरही ब्रिटिश शिपायांची नावं कोरली, भारतीय अधिकाऱ्यांची कोरली, साध्या भारतीय शिपायांची मात्र पलटणीखाली फक्त संख्या. २०२१मध्ये वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने स्वतःच्या अहवालात हा भेदभाव मान्य केला. त्यामुळे ११०व्या मराठांमधल्या पणजोबांचा शोध नॉरफोकच्या शिपायाइतका सरळ होत नाही. त्यासाठी कमिशनच्या संकेतस्थळावर आडनावाऐवजी पलटण आणि वर्ष टाकून शोधा, कारण इंग्रज कारकुनाने नाव कसं लिहिलं असेल सांगता येत नाही, आणि आडनाव बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं.

पुण्यात कोणी असेल तर त्यालाही कामाला लावा. खडकीच्या युद्ध दफनभूमीत १९१४-१८चं एक स्मारक आहे. भारतातल्या कँटोन्मेंटच्या ज्या कबरी सांभाळता येत नाहीत, त्यांतल्या १,८००हून जास्त जणांची नावं त्यावर आहेत. युद्धाच्या काळात भारतात आजाराने मेलेला तुमच्या गावचा शिपाई तिथे असू शकतो.

कोण मागे राहिलं

हा सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात रसाळ भाग.

मिलिटरी सर्व्हिस अ‍ॅक्ट जानेवारी १९१६मध्ये मंजूर झाला. आधी १८ ते ४१ वयाचे अविवाहित आणि मूल नसलेले विधुर, मग मे महिन्यापासून विवाहितही. सूट हवी असेल तर स्थानिक ट्रायब्युनलपुढे जायचं. तिथे गावातले प्रतिष्ठित, शेजारचे मोठे शेतकरी, आणि लष्कराचा एक प्रतिनिधी बसलेला. अर्ज बऱ्याचदा मजुराचा नसे, मालकाचा असे: हा गेला तर घोडे कोण हाकणार, दूध कोण काढणार. निकाल ‘कायम सूट’, ‘अटींवर सूट’ किंवा ‘सुगी संपेपर्यंत सूट’.

युद्धानंतर सरकारने हे कागद देशभर नष्ट करायला लावले. काउंटी पातळीवरचे पूर्ण संच मिडलसेक्स आणि स्कॉटलंडमधल्या लोदियन-पीबल्सचे तेवढे मुद्दाम राखले. नॉरफोकसाठी आधार वर्तमानपत्रांचा, मुख्यतः ईस्टर्न डेली प्रेस आणि किंग्ज लिनकडची साप्ताहिकं. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हमध्ये माणसाचं नाव टाकून शोधू नका, कारण बातमीत बऱ्याचदा नाव नसतंच. ‘अमुक गावचा घोडेवाला, वय २४, अमुक एकर, तीन मुलगे आधीच सैन्यात’ एवढंच असतं. गावाचं नाव, ‘ट्रायब्युनल’ हा शब्द आणि १९१६ ते १९१८ ही वर्षं, असा शोध घ्या. मग १९११च्या जनगणनेत त्या गावातले त्या वयाचे घोडेवाले बघा. दोन-तीनच निघतात.

दुसऱ्या युद्धात सूट हा वादाचा विषय उरला नव्हता. राखीव व्यवसायांची यादी आधीच तयार होती. त्याऐवजी शेतकऱ्याचीच परीक्षा सुरू झाली. काउंटीच्या वॉर अ‍ॅगकडे, म्हणजे युद्धकालीन शेती समितीकडे, कुरण नांगरायचा हुकूम देण्याचे आणि अगदी शेत काढून घेण्याचेही अधिकार होते. १९४१ ते १९४३ या काळात या समित्यांनी पाच एकरांवरच्या सुमारे तीन लाख शेतांची पाहणी केली. किऊला ही कागदपत्रं एमएएफ ३२मध्ये आणि नकाशे एमएएफ ७३मध्ये आहेत.

एखादी फाइल उघडून बघाच. ४ जून १९४१ला शेतात काय पिकलं होतं, किती गायी, किती डुकरं, किती मजूर, त्यांत बायका किती, हे शेतकऱ्याने भरलेलं. ट्रॅक्टर आहे की घोडे, भाडं किती, किती वर्षं हे शेत कसतोय. आणि मग पाहणी करणाऱ्याने भरलेला तक्ता: पाणी विहिरीचं की नळाचं, वीज आहे का, सशांचा, उंदरांचा, कावळ्यांचा उपद्रव किती, आणि शेतकऱ्याला श्रेणी, ए, बी किंवा सी. ए नसेल तर कारण द्यायचं: म्हातारपण, भांडवलाचा अभाव, की ‘वैयक्तिक दोष’. शेवटच्या खान्यात खूण असेल तर तो दोष काय ते पुढे लिहिलेलं. श्रेणी देणारे बहुतेक त्याच भागातले शेतकरी, म्हणजे भाऊबंदकीचा वास येणारच. हे कागद ५० वर्षं बंद ठेवले होते, ते उगीच नाही. आजही त्या शेतावर नातवंडं राहत असतील, तेव्हा गावच्या पत्रकात ‘सी श्रेणीचा शेतकरी’ म्हणून कोणाच्या आजोबांचं नाव छापण्याआधी त्यांच्या घरी जाऊन बोला.

शेतावरच्या बायकांसाठी विमेन्स लँड आर्मी. ती पहिल्या युद्धात १९१७मध्ये उभी राहिली, जून १९३९मध्ये पुन्हा सुरू झाली, १९५०मध्ये बंद झाली. कामाचे पूर्ण रेकॉर्ड उरले नाहीत, नावांची कार्डं उरली आहेत. कार्डावर बहुधा तिच्या घरचा पत्ता, युद्धाआधीचा धंदा आणि रुजू झाल्याची तारीख. नॉरफोकच्या बीटाच्या शेतात राबलेली मुलगी आधी दुकानात विक्रेती होती, असं तिथे कळतं.

शाळेचं लॉगबुक आणि १९३९ची नोंदवही

नॉरिचच्या मार्टिनो लेनवर नॉरफोक रेकॉर्ड ऑफिस आहे. कॅटलॉग ऑनलाइन बघून कागदांचे क्रमांक लिहून न्या, ओळखपत्र सोबत ठेवा, फोटो काढायचे असतील तर परवानगी आणि शुल्क आधी विचारा. गावच्या शाळेचं लॉगबुक, पॅरिश काउन्सिलचं इतिवृत्त आणि चर्चचं मासिक, हे तीन मागवा. त्यांतलं लॉगबुक पहिलं. मुख्याध्यापकाला दर आठवड्याला काहीतरी लिहावंच लागे.

१९१७च्या शरद ऋतूत मुलं वर्गाबाहेर हॉर्स चेस्टनटची फळं वेचताना दिसतील. ती खायची नव्हती. दारूगोळ्यातल्या कॉर्डाइटसाठी अ‍ॅसिटोन लागे आणि ते या फळांपासून काढायचा कारखाना किंग्ज लिनमध्येच होता. मुलांना तेव्हा हे सांगितलं गेलं नव्हतं. त्याच पानांवर बटाटे काढायला सुट्टी, ब्लॅकबेरी तोडायला सुट्टी, कोणाचा वडीलभाऊ गेल्याची बातमी.

सप्टेंबर १९३९मध्ये पट एकदम फुगतो. पहिल्या तीन दिवसांत देशभरात सुमारे पंधरा लाख लोक शहरांतून हलवले. पूर्व लंडनच्या डॅगनममधली मुलं टेम्सवरच्या सहलीच्या बोटींतून ग्रेट यार्मथला उतरली आणि तिथून गावोगाव वाटली गेली. दोन पाळ्यांत शाळा, उवा, अंथरूण ओलं करणारी मुलं, यजमानाने एकच मूल ठेवलं तर त्याला आठवड्याला साडेदहा शिलिंग. नाताळपर्यंत निम्मी घरी परतलेली दिसतील. आणि १९४०च्या उन्हाळ्यात उरलेलीही जातात, कारण फ्रान्स पडल्यावर हाच किनारा जर्मन उतरण्याची जागा ठरला. ‘सुरक्षित’ म्हणून आणलेली मुलं वर्षाच्या आत इथून पुन्हा हलवावी लागली. हे वळण तुमच्या गावच्या लॉगबुकात कुठल्या तारखेला येतं ते टिपा.

त्याच्या जोडीला १९३९चं रजिस्टर. २९ सप्टेंबर १९३९ला घरोघरी जाऊन केलेली नोंद. १९३१ची जनगणना १९४२मध्ये आगीत जळाली आणि १९४१ची झालीच नाही, म्हणून ही एकच वही १९२१ आणि १९५१ यांच्यामधला पूल आहे. जन्मतारीख, धंदा, आणि उजवीकडच्या टोकाला एआरपी वॉर्डन (हवाई हल्ल्यापासून बचावाचं काम बघणारा), स्पेशल कॉन्स्टेबल अशा जबाबदाऱ्या. सैन्यात आधीच गेलेले त्यात नाहीत. काळ्या पट्टीखाली झाकलेली नावं शंभर वर्षांच्या आतल्या जन्माची, त्यांच्या मृत्यूचा दाखला दिला तर उघडतात. विवाहित बाईच्या आडनावावर काट मारून नवं आडनाव लिहिलेलं दिसलं तर ते नंतर आरोग्यसेवेच्या कारकुनांनी केलेलं, १९३९चं नव्हे.

होमगार्डची, म्हणजे स्थानिक स्वयंसेवकांच्या संरक्षणदलाची, यादी याला जोडून बघा. १४ मे १९४०ला रेडिओवर आवाहन झालं आणि डिसेंबर १९४४मध्ये तुकड्या थांबवल्या. धडधाकट गडी असून ज्याचं नाव कुठेच नाही, त्याच्याबद्दल लगेच वाईट मत करू नका. जर्मन उतरलेच तर जमिनीखालच्या खोल्यांत लपून घातपात करायला ऑक्झिलरी युनिट्स नावाच्या गुप्त तुकड्या होत्या. त्यांत शेतकरी आणि शिकाररक्षक बरेच होते, आणि गुप्ततेच्या शपथेमुळे कित्येकांनी घरीसुद्धा सांगितलं नाही.

नकाशा घेऊन चाला

नॉरफोक काउन्सिलच्या ऐतिहासिक नकाशांच्या संकेतस्थळावर १९४६चे हवाई फोटो आहेत. गाव शोधा, पडद्याच्या अर्ध्या भागात तो फोटो आणि अर्ध्यात आजचा नकाशा ठेवा. एकमेकींना छेदणाऱ्या तीन पांढऱ्या पट्ट्या दिसल्या तर विमानतळ. मुख्य धावपट्टी २,००० यार्ड, दुसऱ्या दोन १,४०० यार्डांच्या, भोवती वळसा घालणारा रस्ता आणि त्याला फुटलेले विमानं उभी करायचे छोटे ओटे. राहण्याच्या बराकी धावपट्टीजवळ शोधू नका. बॉम्बहल्ल्यात सगळं एकदम जाऊ नये म्हणून त्या मैलभर लांब झाडीत विखरून बांधत. आज त्यांतले अर्धगोल पत्र्याचे निसन हट शेतकऱ्यांची गोदामं आहेत, काही धावपट्ट्यांवर टर्कीच्या शेड आहेत, आणि हेथेलच्या विमानतळावर लोटसच्या मोटारी बनतात.

अमेरिकन आठव्या वायुदलाच्या दुसऱ्या डिव्हिजनचे लिबरेटर बॉम्बर हेथेल, शिपडम, टिबनम, सीथिंग अशा तळांवर होते. एकेका तळावर दोन-तीन हजार माणसं, शेजारच्या गावाची वस्ती दोनशे-तीनशे. या डिव्हिजनच्या सहा हजारांहून जास्त मेलेल्यांसाठी नॉरिचच्या फोरममध्ये स्मृती-ग्रंथालय आहे. जुनी इमारत १९९४च्या आगीत जळाली होती. तिथल्या कर्मचाऱ्यांना गावाचं नाव सांगा, तळ आणि फोटो ते काढून देतात.

गवतात बुडालेले पिलबॉक्स, म्हणजे गोळीबारासाठी बांधलेल्या काँक्रीटच्या चौक्या, नॉरफोक हेरिटेज एक्सप्लोरर या संकेतस्थळावर क्रमांकासह सापडतात. शेतातून चालताना फक्त सार्वजनिक पायवाटेवर राहा, पिलबॉक्सच्या आत शिरायचं तर शेतकऱ्याला विचारून. किनाऱ्यावर किंवा नांगरटीत गंजलेलं धातूचं काही दिसलं तर हात न लावता लांब व्हा आणि ९९९ला फोन करा. ही भीती पुस्तकी नाही. मंडस्लीच्या कड्यावर जे स्मारक आहे, ते नॉरफोकच्या किनाऱ्यावरचे सुरुंग काढताना १९४४ ते १९५३ या काळात मेलेल्या २६ इंजिनियर सैनिकांचं.

थेटफर्डच्या उत्तरेला स्टॅनफर्डचं प्रशिक्षणक्षेत्र लागतं. १९४२च्या उन्हाळ्यात टॉटिंग्टन, वेस्ट टॉफ्ट्स, लँगफर्ड, स्टॅनफर्ड ही गावं रणगाड्यांच्या सरावासाठी रिकामी केली. युद्ध संपलं की परत येऊ अशी लोकांची समजूत होती. जमीन आजही लष्कराकडे आहे, चर्चं कुंपणात उभी आहेत, आणि लष्कराने ठरवलेल्या भेटीशिवाय आत जाता येत नाही. तुमच्या गावात १९४२-४३मध्ये अचानक नवी कुटुंबं दिसली तर ती इथून उठवलेली आहेत का, ते तपासा.

राहून गेलेलं नाव सापडलं तर

काम करता करता क्रूसावर नसलेला एखादा हमखास निघतो. त्याचे दोन मार्ग वेगवेगळे आहेत. वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे नाव घालायचं असेल तर मृत्यू ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ किंवा ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या मुदतीत पाहिजे. सेवेत असताना मेला असेल तर ते पुरतं. सुटून घरी आल्यावर मेला असेल तर आजार किंवा जखम सेवेतली होती हे दाखवावं लागतं. मृत्यूचा दाखला, पेन्शन कार्ड आणि डिस्चार्जचा कागद एकमेकांशी जुळवून पाठवा. गावच्या क्रूसावर नाव कोरायचं असेल तर कमिशनचा संबंध नाही. क्रूस गावाच्या जागेत असेल तर पॅरिश काउन्सिल, चर्चच्या आवारात असेल तर डायोसीसची (चर्चच्या धर्मप्रांताची) लेखी परवानगी. अर्ज करण्याआधी घराण्यातलं कोणी आहे का ते शोधून विचारा. १९२०मध्ये घरच्यांनीच नको म्हटलेलं असू शकतं, आणि तसं असेल तर त्याची नोंद पॅरिशच्या इतिवृत्तात सापडण्याची शक्यता आहे.